मातीचं घर तर आबाही बांधायचे, मग दोन वर्षं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. धुळ्या-जळगावकडच्या आईवडिलांचा हा ठरलेला प्रश्न आहे: "ताई, पोरगी पाच वर्षं आर्किटेक्चर शिकली. आता पर्यावरणपूरक डिझाइनसाठी अजून दोन वर्षं? मातीची घरं तर आमचे आबाही बांधायचे."

बांधायचे, आणि उत्तम बांधायचे. पारा 45 च्या घरात गेला तरी धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात दुपारी डोळा लागायचा. दीड-दोन फूट जाड मातीच्या भिंतीतून उन्हाची झळ आत पोचायला दहा-बारा तास तरी जातात. तोवर रात्र होते, आणि माणसं खाटा घेऊन धाब्यावर नाहीतर अंगणात गेलेली असतात. म्हणजे भिंतीइतकीच ती झोपायची सवयही घर थंड ठेवण्याचा भाग होती. आज तीच भिंत बांधून, डासांपायी खिडक्या बंद करून आत झोपलात, तर रात्रभर भिंतीची धग अंगावर येईल. जुन्यातलं काय घ्यायचं आणि काय बदलायचं, हे ठरवायला मोजावं लागतं. ते मोजणं या अभ्यासक्रमात शिकवतात.

छताचंच बघा. केंद्र सरकारच्या इको निवास संहितेनं, म्हणजे घरांची ऊर्जा वाचवायच्या नियमावलीनं, 2018 साली घराच्या छतासाठी मर्यादा घातली: आतबाहेरच्या तापमानातल्या दर अंशामागे, एका चौरस मीटरमधून 1.2 वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. आपल्याकडचा उघडा स्लॅब याच्या दुपटीहून जास्त उष्णता आत सोडतो. वर्षानुवर्षं आपण तसेच स्लॅब टाकतोय आणि खाली कूलर लावतोय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण नुसत्या घरापुरता हा विषय नाही. धुळ्याच्या पांझरा नदीकाठची फड पद्धत घ्या, म्हणजे गावानं मिळून शेतीला पाणी द्यायची जुनी रीत. नदीवर बंधारा, तिथून पाट, आणि पाटाखालच्या शिवाराचे तीन-चार मोठे भाग, म्हणजे फड. एका फडात त्या वर्षी सगळ्यांचं एकच पीक, त्यामुळे पाण्याची पाळीही एकच. शेतकऱ्याची जमीन बहुधा प्रत्येक फडात थोडी थोडी, म्हणून पाणी कमी पडलं की एखादा फड कोरडा ठेवायचं सगळे मिळून ठरवत, आणि तोटाही सगळ्यांत वाटला जाई. पाटाचं पाणी शेतोशेत द्यायला नेमलेला माणूस, पाटकरी. पाणी उताराने आपलं आपण धावणार, पंप नाही की डिझेल नाही. नदी, उतार, पीक आणि माणसांचा करार यांचा एकत्र विचार करणं हेच तर पर्यावरणपूरक डिझाइन. आपल्या मुलांनी ते शिकताना हे उदाहरण वर्गात मांडावं, अशी माझी फार इच्छा आहे.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. केंद्र सरकारच्या बहुतेक संस्थांत एम.आर्क. (आर्किटेक्चर) किंवा एम.प्लॅन (नगररचना) या पदव्युत्तर पदव्यांसाठी गेट या प्रवेश परीक्षेचा आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा पेपर लागतो, आयआयटीतल्या एम.डेस.साठी, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीसाठी, सीड ही परीक्षा. भोपाळला एसपीए, म्हणजे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, आहे, भुसावळहून सरळ गाडी मिळते. अहमदाबादला सेप्ट विद्यापीठ आहे.

संस्थेचं नाव मोठं आहे का, एवढ्यावर ठरवू नका. तिथं शिकणाऱ्या एखाद्या मुलीला फोन करा आणि विचारा: माती हातात घेऊन तपासायला लावतात का, उन्हाळ्यात लोकांच्या घरांत तापमान मोजायला पाठवतात का, की दोन वर्षं नुसतं स्क्रीनसमोर बसवतात? उत्तर शेवटचं आलं, तर दुसरी संस्था बघा.