चीक येतो तेव्हा सांगणारं कुणी नसतं

मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला आम्ही पंचविशीच्या आगेमागेच्या सगळ्या मुली एका खोलीत बसलो होतो आणि विषय निघाला अंगावर पाजायचा. एक म्हणाली फिगर जाते, दुसरीच्या वहिनीला म्हणे दूधच आलं नाही, तिसऱ्याच दिवशी पावडरचा डबा आणला. आणि जिचा सातवा महिना ती गप्प. सोनोग्राफीच्या तारखा तिला तोंडपाठ, पण बाळाला छातीशी धरायचं कसं हे तिला कुणीच सांगितलेलं नाही.

मला याचा खरंच राग येतो. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक, घट्ट पिवळसर, थेंब थेंब, बाळाचं पोटही तेव्हा एवढुसंच असतं त्यामुळे तेवढा पुरतो. दूध भरून येतं साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी. हे माहीत नसलं की बाळ रडल्यावर घरभर एकच, हिला दूध नाही, द्या वरचं. मग वरच्या दुधाने पोट भरलं की बाळ ओढत नाही आणि ओढलं नाही की दूध बनत नाही! गाईचा चीक मिळाला की आपण कौतुकाने खरवस करतो आणि आईचा चीक काही घरांत अजूनही पिळून टाकतात, वर बाळाला मधाचं बोट, जे वर्षाच्या आत अजिबात द्यायचं नसतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या जेमतेम ४२ टक्के बाळांना पहिल्या तासात पाजलं गेलं होतं. दवाखान्यात बाळंतपणं होऊनसुद्धा.

अळिवाचे लाडू खा, छानच लागतात, पण दूध वाढतं ते बाळाच्या ओढण्याने, रात्रीच्या पाजण्याने तर जास्तच. तोंड मोठं उघडलेलं, नुसतं बोंड नाही तर भोवतीचा काळा भागही तोंडात, हनुवटी छातीला टेकलेली, असं लागलं तर सहसा दुखत नाही. दुखलंच तर ओठाच्या कडेने स्वच्छ करंगळी आत घालून सोडवायचं आणि परत लावायचं. आणि छाती ओघळते ती गरोदरपणाने, वयाने, पाजल्याने नाही.

काहीजणींना खरंच दूध कमी येतं, थायरॉइड असेल, आधी ऑपरेशन झालेलं असेल, त्यांना कुणी एक शब्द बोलू नये. पण बाकीच्यांनी सातव्या-आठव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारून ठेवा, सिझर झालं तर पहिल्या तासात बाळ छातीशी कोण लावून देणार? भूल बहुतेक वेळा कमरेखालचीच असते, आई जागी असते, फक्त धरायला कुणीतरी लागतं.