कॅलिफोर्नियात फ्लेबॉटमी शिकताना

फ्लेबॉटमी म्हणजे तपासणीसाठी शिरेतून रक्त काढणे. कॅलिफोर्नियात डॉक्टर किंवा परिचारिका नसताना पगार घेऊन हे काम करायचे असेल, तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे प्रमाणपत्र असावे लागते. अमेरिकेत ही सक्ती सर्वत्र नाही. कॅलिफोर्नियासह वॉशिंग्टन, नेवाडा आणि लुईझियाना एवढीच राज्ये असे प्रमाणपत्र मागतात, बाकी ठिकाणी नोकरी देणारी संस्था ठरवील तसे. येथील कडकपणाला एक घटना कारणीभूत आहे. पालो आल्टो येथील एका रक्तसंकलन केंद्रात वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्या जात असल्याचे १९९९ मध्ये उघडकीस आले आणि त्याच वर्षी विधिमंडळाने या कामासाठी कायदा केला.

नवख्या उमेदवाराला पहिल्या स्तराच्या प्रमाणपत्रासाठी ४० तास वर्गात आणि ४० तास प्रत्यक्ष रुग्णांबरोबर घालवावे लागतात, त्यात किमान ५० वेळा शिरेतून आणि १० वेळा त्वचा टोचून रक्त काढावे लागते, आणि शेवटी मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतली होती. आपल्याकडे डीएमएलटी, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, झालेला तंत्रज्ञ सकाळी घरी येऊन रक्तही नेतो आणि पुष्कळदा तपासणीही तोच करतो; त्यामुळे केवळ रक्त काढण्यासाठी एवढा अभ्यासक्रम कशाला, असे मला सुरुवातीला वाटत असे.

वर्गात सर्वाधिक वेळ गेला तो शीर शोधण्यात. ती डोळ्यांनी पाहायची नसून तर्जनीने चाचपायची असते. अंगठा वापरायचा नाही, कारण अंगठ्याची स्वतःचीच नाडी लागते. दंडावर पट्टा बांधल्यावर कोपराच्या खळग्यात बोट दाबले असता शीर दबते आणि दाब सोडताच पुन्हा वर येते, स्नायूबंध ताठ दोरीसारखा लागतो, तर रोहिणी ठोके देते. हातमोज्यातून हा फरक ओळखू येऊ लागेपर्यंत बरेच दिवस जातात. खळग्याच्या मध्यावरची शीर सर्वांत सोयीची; आतल्या, म्हणजे करंगळीच्या बाजूची शीर कितीही टपोरी दिसली तरी शेवटचा पर्याय, कारण तिच्याजवळूनच मोठी रोहिणी आणि मज्जातंतू जातात. गोऱ्या कातडीवर उठून दिसणाऱ्या निळ्या रेषा पाहून आनंदणारे सहाध्यायी सावळ्या हातापुढे थबकत. मला त्याचे विशेष वाटले नाही, कारण घरात सगळे हात सावळेच.

पट्टा एका मिनिटाहून अधिक काळ ठेवायचा नाही, रुग्णाला मूठ पुन्हा पुन्हा उघडझाप करायला सांगायचे नाही आणि अल्कोहोल वाळल्याशिवाय सुई घालायची नाही. मुठीच्या उघडझापीने पोटॅशियम वाढलेले दिसते, ओल्या अल्कोहोलने रुग्णाला झोंबते आणि तांबड्या पेशी फुटू शकतात.

माझ्या पदवीचा उपयोग झाला तो रक्त ट्यूबमध्ये भरण्याच्या क्रमासाठी; प्रत्येक रंगाच्या बुचाच्या ट्यूबचा उपयोग वेगळा असतो. फिकट निळे बूच आधी, मग लाल किंवा सोनेरी, मग हिरवे, जांभळे आणि शेवटी करडे, हा क्रम सहाध्यायी घोकून पाठ करीत. जांभळ्या ट्यूबमधील ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे द्रव्य पोटॅशियमचा क्षार असतो आणि तो कॅल्शियमला बांधून ठेवतो; त्याचा अंश पुढच्या ट्यूबमध्ये गेला, तर निरोगी माणसाच्या अहवालात पोटॅशियम भयावह वाढलेले आणि कॅल्शियम घसरलेले दिसेल, हे एकदा ध्यानात आले की पाठांतराची गरज राहत नाही. निळ्या ट्यूबमध्ये एक भाग सायट्रेटला (हेही रक्त गोठू न देणारे) नऊ भाग रक्त हे प्रमाण ठरलेले असल्यामुळे ती खुणेपर्यंत भरावीच लागते. ट्यूब हलवायच्या त्या हळुवार उलट्या करून, खळखळवायच्या नाहीत.

परीक्षेत आणि कामावर दोन्हीकडे ज्याला क्षमा नाही, तो भाग ओळख पटवण्याचा. ‘तुम्ही पाटील ना?’ असे विचारायचे नाही, कारण मुलाकडे राहायला आलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या आजी कशालाही ‘हो’ म्हणतात. नाव आणि जन्मतारीख त्यांच्याच तोंडून यावी लागते. येथे तारखेत महिना आधी सांगतात, आपले लोक दिवस आधी. शिवाय आपल्या कितीतरी ज्येष्ठांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावलेली असते. तेच आडनाव, तीच तारीख असे दोन रुग्ण एकाच सकाळी आले, तर नोंदणी क्रमांकाचाच काय तो आधार. लेबल लावायचे तेही रक्त काढून झाल्यावर, रुग्ण समोर असताना. रिकाम्या ट्यूबवर आगाऊ लेबले चिकटवून ठेवण्यास सक्त मनाई असते.

ज्यांना हा मार्ग घ्यायचा आहे, त्यांनी शुल्क भरण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. संस्था राज्याच्या मान्य यादीत आहे का, आणि प्रत्यक्ष रुग्णांबरोबरच्या ४० तासांसाठी जागा मिळवून देण्याची जबाबदारी तिने लेखी घेतली आहे का. माझ्या संस्थेने ती जागा ‘लवकरच’ मिळेल असे सांगितले होते आणि त्या ‘लवकरच’मध्ये कित्येक महिने गेले. भारतात शिकलेल्यांनी गुणपत्रिकांचे मान्य संस्थेकडून मूल्यांकन त्याच काळात करून घ्यावे. प्रमाणपत्राच्या अर्जासोबत ते लागते.