कमानपाट्याची सुरी : तेलात बुडवण्याआधीचे काम

गेल्या नोंदीत घडाई संपलेली स्वयंपाकघरातील सुरी आता कडक करून, उतरवून (म्हणजे मंद आचेवर पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी करून) आणि धार लावून मुठीच्या टप्प्यापर्यंत आली आहे. पाते सात इंच लांब, टाचेपाशी पावणेदोन इंच रुंद आणि पाठीशी तीन मिलिमीटर जाड आहे. पोलाद जुन्या ट्रकच्या कमानपाट्याचे (लीफ स्प्रिंगचे) असून ते बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीजवळच्या भंगारातून वजनावर घेतले होते. पाट्याच्या मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा भाग मी घडाईसाठी घेतला नाही, कारण वर्षानुवर्षे भार सोसलेल्या पाट्यात बारीक चिरा असतील तर त्या पहिल्यांदा तिथेच असतात.

भंगारातला पाटा बहुधा ईएन 45 किंवा एसयूपी 9 या जातीचा निघतो आणि दोन्हींत कार्बन साधारण अर्धा ते सहा दशांश टक्के असतो. ग्राइंडरच्या ठिणग्यांवरून कार्बनचा अंदाज येतो, परंतु त्यात सिलिकॉन जास्त आहे की क्रोमियम, म्हणजे पाटा या दोन्हींपैकी कोणत्या जातीचा, हे ठिणग्या नेमके सांगत नाहीत. म्हणून ज्या पाट्याची सुरी करायची, त्याच पाट्याच्या पट्ट्या कापून त्या मोडून पाहणे हीच चाचणी मला भरवशाची वाटते. आपल्या लोहारकाम करणाऱ्या मंडळींत पाणी कशाचे द्यावे, म्हणजे तापलेले पाते कडक करण्यासाठी कशात बुडवावे, यावर जेवढी चर्चा होते, तेवढी त्याआधीच्या तावांवर, म्हणजे भट्टीत तापवण्याच्या फेऱ्यांवर, होत नाही. माझ्या मते पात्याचे बरेवाईट तिथेच ठरते.

दोन पट्ट्या एकाच पद्धतीने घडवल्या आणि घडाईचा शेवटचा ताव दोघींनाही पिवळा होईपर्यंत दिला. पहिली पट्टी थंड झाल्यावर थेट कडक करण्याच्या तावाला नेऊन तेलात बुडवली. दुसरीला त्याआधी तीन ताव दिले, प्रत्येक ताव आधीच्यापेक्षा थोडा कमी, आणि दर वेळी ती वारा न लागू देता काळी पडेपर्यंत हवेतच निवू दिली. मग दोन्ही व्हाइसमध्ये धरून हातोड्याने मोडल्या. पहिली एकाच घावात तुटली आणि तुटलेल्या तोंडावर साखरेसारखे चमकणारे मोठे कण दिसले. दुसरीला जास्त घाव लागले. तिचे तोंड राखाडी, निस्तेज आणि इतके बारीक कणांचे होते की भिंगाशिवाय कण सुटे दिसत नव्हते. पोलाद तेच, तेल तेच, बुडवतानाचा रंगही तोच. फरक मधल्या तीन तावांचा.

तावाचा अंदाज घेण्यासाठी आपल्यातील बहुतेक जण लोहचुंबक वापरतात. ते योग्यच आहे, परंतु अपुरे आहे. पोलाद सुमारे 770 अंशांना चुंबकाला धरेनासे होते, आणि पाट्याच्या पोलादाला तेलात बुडवण्यासाठी 830 ते 860 अंश लागतात. चुंबक सुटताच बुडवलेल्या पात्यावरून कानस न चावता घसरली, तरी ते आतून पुरेसे कडक झालेले नसू शकते. साधे मीठ 801 अंशांना वितळते, म्हणून मी पात्यावर चिमूटभर मीठ टाकतो आणि ते पाण्यासारखे पसरले की त्याहून किंचित उजळ रंग येईपर्यंत थांबतो. हे काम दिवस मावळताना, छपराच्या सावलीत करावे. भर उन्हात लाल रंग फिका दिसतो आणि ताव हटकून जास्त होतो.

खानापूर तालुक्यातील एक लोहारमामा कोयत्याची फक्त धार पाण्यात बुडवून लगेच बाहेर काढतात, दगडाने घासून ती चकचकीत करतात आणि पाठीत उरलेली उष्णता धारेकडे सरकताना रंग पाहून पुन्हा पाण्यात घालतात. ऊस तोडायच्या जाड धारेसाठी ही रीत उत्तम आहे, आणि ती नजर येण्यास उभा जन्म जातो. पातळ सुरीला मात्र पाण्याचा धक्का सोसत नाही. पाट्याचे पोलाद तेलात बुडवूनच कडक करायचे आहे. मी शेंगतेल वापरतो, उभ्या पत्र्याच्या डब्यात, सुमारे 50 ते 60 अंशांपर्यंत गरम करून, कारण कोमट तेल पातळ होऊन पात्याभोवती मोकळे फिरते. बुडवण्याआधी धारेची जाडी एक मिलिमीटर राखली होती. तेलाने पेट घेतला तर झाकण्यासाठी पत्रा हाताशी ठेवावा आणि तेलात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नये; आपल्याकडच्या पावसाळ्यात ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. मामांचे म्हणणे असे, की ‘भिजल्या कोळशावर भाता कितीही मारा, ताव बसत नाही.’ त्यामुळे लोणारी कोळसा मी आता झाकणाच्या पिंपात ठेवतो.

तेलातून काढल्यावर पाते टोकाकडे किंचित वाकलेले दिसले. अंगची ऊब जाण्याआधी, जाड हातमोजे घालून, दोन लाकडी फळ्यांत दाबून ते सरळ केले. पूर्ण थंड झाल्यावर तसे करणे म्हणजे पाते मोडणे होय. त्यानंतर ओव्हनमध्ये वाळूच्या ट्रेवर 200 अंशांना दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास उतरवले. ओव्हनच्या बटणावरील आकड्यावर विसंबू नये. आत वेगळा तापमापक ठेवावा. घासलेल्या जागी फिकट गवती रंग आला. निळ्याकडे झुकणारा रंग कोयत्याला चालतो, पण भाजी चिरायच्या सुरीची धार त्याने लवकर बसते.

मुठीसाठी जुन्या खुर्चीच्या शिसवी पायाचे तुकडे काढून ठेवले आहेत आणि पितळी खिळे निपाणीच्या एका सदस्याने दिले आहेत. जाता जाता नव्या मंडळींसाठी एक गोष्ट : शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा वेगळा वर्ग आहे आणि घरगुती व शेतीची अवजारे त्यातून वगळलेली आहेत, म्हणून शोभेच्या कट्यारीपेक्षा सुरी, विळा, खुरपे यांवर हात बसवणे सोयीचे. पुढची सुरी ईएन 31 या जातीच्या पोलादाच्या बेअरिंगची कडी उलगडून करायची आहे. त्यात एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असल्यामुळे तेलाआधी पाते ठरलेल्या तापमानाला काही मिनिटे धरून ठेवावे लागते, आणि उघड्या कोळशाच्या भट्टीत ते जमणे कठीण आहे. म्हणून भट्टीत लोखंडी पाइप आडवा ठेवून त्याच्या आत पाते तापवण्याची तयारी चालू आहे. कोणी असा पाइप वापरला असेल, तर त्याचा व्यास आणि जाडी अवश्य कळवावी.