सांगलीच्या उन्हाळ्यात रायझनला लिक्विड कूलर बसवताना

एप्रिल-मे महिन्यांत सांगलीत पारा चाळिशीला टेकतो. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखालच्या खोलीत दिवेलागणीलाही ३५-३६ अंश असतात. अशा खोलीत रायझन ७ ५८००एक्स या प्रोसेसरवर व्हिडिओ रेंडरला लावला की साध्या टॉवर हीटसिंकवर, म्हणजे पंखा लावलेल्या धातूच्या पत्र्यांच्या ठोकळ्यावर, तो ९० अंशांवर जाऊन अडकायचा. या प्रोसेसरची कंपनीने ठरवलेली कमाल मर्यादाच ९० आहे. तिथे पोचला की तो स्वतःचा वेग उतरवतो आणि काम रेंगाळतं. म्हणून २४० मिलिमीटरचा एआयओ, म्हणजे कारखान्यातूनच द्रव भरून सीलबंद येणारा कूलर, घरी बसवला.

एक गोष्ट खरेदीच्या आधीच पक्की करावी. यातला द्रव खोलीतल्या हवेपेक्षा गार कधीच होत नाही. तांब्याची प्लेट प्रोसेसरची उष्णता उचलते, प्लेटवरचा पंप ती रेडिएटरपर्यंत, म्हणजे पत्र्यांच्या जाळीपर्यंत, नेतो, पंखे ती हवेत सोडतात. त्यामुळे लक्ष ठेवायचं ते खोली आणि प्रोसेसर यांच्या तापमानातल्या फरकावर. नुसता ‘७८ अंश आला’ या आकड्याला अर्थ नाही. जानेवारीतले ७८ आणि मे महिन्यातले ७८ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मापं घेण्यात मात्र कंटाळा करू नये. २४०चा, म्हणजे १२० मिमीचे दोन पंखे मावणारा, रेडिएटर साधारण २७७ मिमी लांब, १२० मिमी रुंद आणि २७ मिमी जाड असतो. त्यावर २५ मिमीचे पंखे धरले की जाडी ५२ मिमी होते. कॅबिनेटच्या छतापासून मदरबोर्डच्या वरच्या कडेपर्यंत एवढी जागा नसेल, तर उंच हीट स्प्रेडरवाली रॅम आडवी येते. दुसरी अडचण प्रोसेसरच्या ८ पिनी पॉवर केबलची. तिचा सॉकेट बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि रेडिएटर बसला की तिथे बोटं पोचत नाहीत. ती केबल आधी लावून घ्यावी.

जुना हीटसिंक काढताना घाई नको. एएम४ सॉकेटमध्ये बसणाऱ्या या प्रोसेसरच्या पोटाखाली १,३३१ पिना असतात. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहणारी पेस्ट वाळलेली असली तर हीटसिंकबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपसून येतो आणि पिना वाकतात. मशीन दहा मिनिटं भारावर चालवून पेस्ट कोमट करून घेतली, मग बंद करून वायर काढली. हीटसिंक डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत सुटा केला आणि मगच उचलला. प्लॅस्टिकचे ब्रॅकेट उघडताना मदरबोर्डमागची बॅकप्लेट, म्हणजे आधाराची पट्टी, दुसऱ्या हाताने दाबून धरावी, कारण एएम४मध्ये तिला त्याच चार स्क्रूंचा आधार असतो. नवा कूलरही याच बॅकप्लेटवर बसतो, ती टाकून देऊ नये. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसली. हे अल्कोहोल मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे असतं. नेलपॉलिश रिमूव्हर त्याच्या जागी चालत नाही.

रेडिएटर कुठे बसवायचा, यावर या कूलरचं आयुष्य ठरतं. प्रत्येक एआयओत थोडी हवा असतेच, आणि नळ्यांच्या रबरातून द्रव अगदी सावकाश उडत जातो तशी ती वाढते. हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जमते. ती जागा रेडिएटरची असली पाहिजे, पंपाची नाही. छताला बसवला तर प्रश्नच मिटतो. पुढच्या बाजूला बसवायचा तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं आणि नळ्या शक्यतो खालून याव्यात. तळाला तर बसवूच नये. पंपात हवा शिरते, तो खरखरतो आणि लवकर मरतो. मी छत निवडलं. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा रेडिएटरमधून जाते, दोन-चार अंश वाढतात, पण कार्डाला पुढून ताजी हवा मिळते. पुढचे पंखे हवा आत घेणारे, मागचा आणि वरचे बाहेर टाकणारे. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणारी दांडकी दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

स्क्रू दोन लांबींचे येतात. लांब पंख्यातून रेडिएटरमध्ये जाणारे, आखूड कॅबिनेटच्या पत्र्यातून थेट रेडिएटरमध्ये जाणारे. आखूडाच्या जागी लांब लावला तर तो आतली द्रवाची नळी भोसकू शकतो, आणि मग नवा कूलर घेण्यावाचून गत्यंतर नाही.

प्लेटवरची पारदर्शक फिल्म काढलीच पाहिजे. काही कूलरना पेस्ट आधीच लावलेली असते, तिथे वर आणखी थापू नये. नसेल तर मध्यभागी वाटाण्याएवढी पुरते. स्क्रू समोरासमोरचे, प्रत्येकी दोन-दोन फेरे देत आवळावेत आणि अडले की थांबावं.

पंपाची वायर मदरबोर्डवरच्या पंपाच्या हेडरवर (जोडणीच्या पिनांवर) लावून बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, वेग पूर्ण ठेवला. पंख्यांची वायर सीपीयू फॅन हेडरवर. ते मोकळं राहिलं तर चालू करताना एरर येते. बायोसमध्ये आधी पंपाचे फेरे पाहावेत. शून्य दिसले तर लगेच बंद करावं. बायोसमध्येच तापमान भराभर ८०च्या पुढे चढत असेल, तर पंप बंद आहे, प्लेट नीट टेकलेली नाही किंवा फिल्म तशीच राहिली आहे. पहिली काही मिनिटं गुळगुळ आवाज येतो. कॅबिनेट हलकेच कलतं केलं की हवा वर निघून जाते.

नळ्यांना हात लावून पाहण्याबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे: एक गरम, एक गार असली म्हणजे कूलर छान चालतो. उलट आहे. प्रवाह नीट असला तर दोन्हींत एक-दोन अंशांचाच फरक असतो, हाताला तो कळतही नाही. एक चटका देणारी आणि दुसरी गार लागली, तर प्रवाह अडला आहे.

चाचणीही लांब हवी. हवेचा हीटसिंक काही मिनिटांत स्थिर होतो. इथे द्रव तापायला २०-३० मिनिटं लागतात. पाच मिनिटांचा आकडा फसवा. सगळे कोअर भारावर, मूळ १४२ वॉट मर्यादेवर, माझ्याकडे खोलीपेक्षा सुमारे ५३ अंश जास्त दिसतात. खोली २४ असेल तर ७७, आणि ३६ असेल तर ८९. म्हणजे उन्हाळ्यात मर्यादा पुन्हा जवळ आलीच. कारण हा सगळा भार एका लहानशा चिपलेटमधून, म्हणजे प्रोसेसरमधल्या चिपच्या तुकड्यातून, बाहेर पडतो. तेवढ्या जागेतून उष्णता खेचायला रेडिएटर मोठा करून फारसं साधत नाही.

खरा फायदा बायोसमध्ये पीपीटी, म्हणजे प्रोसेसरची हीच वॉटची मर्यादा, १०५ वॉटवर आणल्यावर झाला. फरक चाळिशीच्या आसपास आला, मे महिन्यातही प्रोसेसर ७६-७७वर राहतो आणि रेंडरला थोडासाच जास्त वेळ लागतो. सांगली-मिरजेत हा प्रोसेसर वापरणाऱ्याने कूलर घेण्याआधी हे करून पाहावं. कित्येकांचं त्यातच भागेल. पंख्यांचा वेग वाढण्याला बायोसमध्ये थोडा विलंब दिला की उगाच घुर्र-घुर्र थांबते.

धूळ मात्र इथली खास. गळिताच्या हंगामात शेतात पाचट पेटली की काळी राख घरात येते आणि पंखा व रेडिएटरच्या पत्र्या यांच्यामध्ये थर धरते. बाहेरून रेडिएटर स्वच्छ दिसतो. पंखे उघडून मऊ ब्रशने झाडावं लागतं. हंगाम संपल्यावर मार्चअखेरीस एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा. ब्लोअर वापरायचा तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं. द्रव कमी झाला असं वाटलं तरी उघडून नळाचं किंवा बोअरचं पाणी भरू नये. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की गंज धरतो. कंपनीच्या द्रवात तो रोखणारी रसायनं असतात. पाच-सहा वर्षांनी पंपाचा आवाज बदलला किंवा तोच भार असताना खोलीपासूनचा फरक आठ-दहा अंशांनी वाढला, तर आधी धूळ झाडावी, पेस्ट बदलावी. तरीही उतरला नाही तर अख्खा कूलर बदलावा.