डॉक्टर व्हायचं का? आधी आठवड्याचे तास मोजा

‘आवड आहे ना, मग कर.’ मेडिकलला जाऊ की नको, असं विचारणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो आणि तो फारसा कामाचा नाही. शरीरशास्त्राची मनापासून गोडी असलेली, अभ्यासाला न कंटाळणारी मुलंही रेसिडेन्सीत, म्हणजे पदवीनंतर हॉस्पिटलात ड्युटी करत स्पेशालिटी शिकण्याच्या वर्षांत, कोलमडतात. त्यांनी विषय पारखलेला असतो, दिनक्रम पारखायचा राहून जातो.

आधी एकूण वर्षं बघा. मूळ पदवीला देशानुसार चार ते सहा वर्षं लागतात. जिथे चारच लागतात, तिथे आधी एखादी दुसरी पदवी घेतलेली असावी लागते. त्यापुढे स्पेशालिटीची साधारण तीन ते सात वर्षं. कागदावर बारा रकाने आखा, वरच्या ओळीत तुमचं वय लिहा, त्याखाली आईवडिलांचं, जोडीदार असेल तर त्याचंही. रेसिडेन्सीची वर्षं वडिलांच्या सत्तरीला येऊन भिडतात की मूल हवंसं वाटण्याच्या काळावर येतात, हे त्या कागदावर लख्ख दिसतं. प्रवास, गाणं, घर घेणं या गोष्टी पुढे ढकलता येतात, त्यांना त्याग म्हणू नका. आजीचं शेवटचं आजारपण ढकलता येत नाही. यादी करायची ती अशाच गोष्टींची.

आता आठवडा. अमेरिकेत २००३ पासून रेसिडेंटसाठी आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे, तीही चार आठवड्यांची सरासरी धरून. युरोपीय संघात ती ४८ तासांची आहे. जिथे मर्यादा नुसती कागदावर असते, तिथे ८० तासांतही भागत नाही.

८० धरूनच हिशेब करू. आठवड्याचे तास १६८, त्यातून ड्युटीचे ८० गेले, ८८ उरले. रोज सहा तास झोप धरली तर ४२ गेले, राहिले ४६. अंघोळ, जेवण, जाणं-येणं यांना रोज तीन तास, म्हणजे २१. उरले २५. परीक्षेचा अभ्यास कसाबसा १२ तास. हातात १३ तास आले, आणि तेही रोज पावणेदोन तास असे सुबक वाटून येत नाहीत. ते एकगठ्ठा ऑफच्या दिवशी येतात आणि त्यातले निम्मे झोपेत जातात. रोज रात्री जोडीदाराशी तासभर बोलेन, हे वचन इथेच मोडतं. महिन्याचं ड्युटीचं वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी घरी पाठवायचं आणि दोन तारखा पक्क्या करायच्या, हे त्यापेक्षा जास्त टिकतं. एखादं लग्न गाठायचं असेल तर ड्युटीची अदलाबदल महिनाभर आधी करून ती लेखी घ्या. तोंडी कबूल केलेली अदलाबदल आयत्या वेळी हमखास फिस्कटते.

झोपेचं गणित इच्छाशक्तीवर सोडू नये. १९९७ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या एका प्रयोगात सलग १७ तास जागलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी घसरली होती. २४ तासांची ड्युटी संपवून स्वतः गाडी चालवत घरी जाणं म्हणूनच धोक्याचं. एपिलेप्सी किंवा बायपोलर आजार असेल तर जागरणाने झटका किंवा मॅनियाचा (बेभान उत्साहाचा) एपिसोड येऊ शकतो. म्हणून मेडिकलचं दार बंद होत नाही, पण प्रवेश घेण्याआधी आपल्या डॉक्टरांशी नाइट ड्युटीबद्दल स्पष्ट बोलून घ्या. मनाचंही तसंच आहे. २०१६ साली ‘जामा’ या वैद्यकीय पत्रिकेत आलेल्या अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात सुमारे २७ टक्के मेडिकल विद्यार्थ्यांत नैराश्य किंवा त्याची लक्षणं आढळली. (बहुतेक अभ्यास प्रश्नावलीवर बेतलेले होते, त्यामुळे हा आकडा रोगनिदानाचा समजू नये.)

परवानगी मिळाली तर एखाद्या वॉर्डात दिवस काढा, पण नावाजलेल्या सर्जनच्या मागे फिरू नका. तिथे कामाचा चकचकीत भाग तेवढा दिसतो. सगळ्यात ज्युनिअर रेसिडेंटच्या मागे राहा, शक्यतो संध्याकाळपासून सकाळच्या राउंडपर्यंत. पहाटे चार वाजता तो बहुधा लॅबला फोन करून अडकलेला रिपोर्ट मागत असतो, मग ज्या पेशंटची शीर सापडत नाही त्याला तिसऱ्यांदा सुई टोचतो, डिस्चार्जचे कागद भरतो, एकाच नातेवाइकाला तीच गोष्ट पुन्हा समजावतो. हे बघून कंटाळा आला तर ते लिहून ठेवा. आपल्याला टोचता आलं असतं तर बरं, असं वाटलं तर तेही लिहा. माझ्या मते दुसरी नोंद मार्कांपेक्षा जास्त सांगते.

ठरावीक ब्रँच, म्हणजे स्पेशालिटी, मिळेल या भरवशावर निर्णय घेणं ही नेहमीची चूक. ‘डर्मॅटॉलॉजी (त्वचारोग) घेईन, रात्रीचे कॉल कमी’ हे म्हणणं बरोबर आहे, पण तिच्या जागा थोड्या आणि मागणारे पुष्कळ. आवडती ब्रँच मिळाली नाही तरी हे करीन का, याचं उत्तर ‘नाही’ असेल तर फिजिओथेरपी, नर्सिंग, फार्मसी किंवा पब्लिक हेल्थ यांचा आत्ताच नीट विचार करा, उरलेला पर्याय म्हणून नव्हे.

पैशांचं थोडक्यात: कर्ज फीपुरतं धरू नका. शिकत असताना चढणारं व्याज आणि तेवढ्या वर्षांची न झालेली कमाईही मोजा.

आणि थांबायच्या जागा आधीच ठरवा. जितकी वर्षं जातात तितकं बाहेर पडणं अवघड होतं, कारण ‘एवढं केलं, आता कशाला सोडायचं’ हा विचार दर वर्षी जड होत जातो. तीन जागा सोयीच्या: पहिल्या वर्षाचा निकाल, पहिलं वॉर्ड पोस्टिंग आणि रेसिडेन्सीचा अर्ज भरण्याआधीचा महिना. कुठे कोणती अट मोडली तर थांबायचं, हे प्रवेशाआधी एका कागदावर लिहा आणि तो कागद अशा माणसाकडे ठेवायला द्या, ज्याला तुम्ही डॉक्टर झालात काय आणि नाही झालात काय, सारखंच. घरात असं माणूस असलंच तर एखादंच असतं.