11-0 आणि उरलेली 45 मिनिटं

अ‍ॅन आर्बर या अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शहराजवळ एका डायलिसिस युनिटमध्ये मी चार्ज नर्स, म्हणजे पाळीची प्रमुख नर्स आहे. ही गोष्ट 25 नोव्हेंबर 2023 ची, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारची. त्या दिवशी दुपारी बाराला मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट हा कॉलेज फुटबॉलचा सामना होता. दोन्ही संघ 11-0, दोघांनीही मोसमात एकही सामना हरलेला नव्हता.

मंगळवार-गुरुवार-शनिवारची पहाटेची पाळी म्हणजे मिशिगनवाल्यांचा अड्डाच. सहाला सुया लागतात, सव्वादहापर्यंत सुटका होते आणि बाराला सगळे आपापल्या घरी टीव्हीसमोर. पाच नंबरच्या खुर्चीवरचे गृहस्थ कार कारखान्यातून निवृत्त झालेले. त्या मोसमातले अकराही विजय त्यांनी घरच्या एकाच आरामखुर्चीत बसून पाहिले होते. हसू नका. सचिन खेळत असताना जागेवरून हलायचं नाही, हा नियम आमच्या सांगलीच्या घरातही होताच.

सुट्टीच्या आठवड्यात गुरुवारी युनिट बंद असतं, म्हणून या लोकांचे वार सोमवार-बुधवार-शनिवार होतात. म्हणजे बुधवार ते शनिवार मोठी खाडी, आणि मध्ये टर्की, ग्रेव्ही, हॅम, मीठच मीठ. पाच नंबर ड्राय वेटपेक्षा 5.2 किलो जास्त वजन घेऊन आले. ड्राय वेट म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, त्यांचं 92. तासाला किलोमागे 13 मिलीपेक्षा जास्त पाणी ओढू नये असा दंडक आहे. त्यापुढे हृदयावर ताण येतो, रक्तदाब कोसळतो, पायात गोळे येतात. सव्वाचार तासांत पाच लिटर, म्हणजे अगदी कडेवर.

पण सहाला सुरू व्हायला हवं ना! डायलिसिसला एका माणसामागे एका बैठकीत सव्वाशे लिटर पाणी लागतं. शहराच्या पाण्यात क्लोरामाइन असतं. ते रक्तापर्यंत पोचलं तर लाल पेशी फुटतात, म्हणून पाणी कार्बनच्या दोन टाक्यांतून जातं आणि प्रत्येक पाळीआधी आम्ही ते तपासतो. मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम. पहाटे साडेचारला पहिल्या टाकीनंतरचा नमुना घेतला तर रंग चढला, म्हणजे क्लोरामाइन होतं. पुन्हा घेतला, पुन्हा चढला. दुसऱ्या टाकीनंतरचं पाणी स्वच्छ होतं. अशा वेळी दर तासाला तपासणी करत काम चालवता येतं, पण पाण्याचा तंत्रज्ञ आणि डॉक्टर दोघांची परवानगी लागते. सुट्टीच्या शनिवारी पहाटे पाचला परवानगी! तंत्रज्ञाचा फोन व्हॉइसमेलवर. त्याच्या वरिष्ठाचाही. 'चोवीस तास उपलब्ध' असं छापलेला नंबर एका मुलीने उचलला, माझं सगळं नीट लिहून घेतलं आणि सोमवारी कळवते म्हणाली. अखेर हिरवा कंदील मिळून पाच नंबरांना सुया लागल्या तेव्हा नऊ वीस झाले होते.

हिशेब त्यांनी माझ्या आधी केला. "म्हणजे एक पस्तीस."

सोमवारी त्यांचं भाकीत होतं मिशिगन 31, ओहायो स्टेट 20. आता म्हणाले, "24-27. हरणार."

मी विचारलं, संघात कोणी जखमी झालं का? नाही. कोच जिम हार्बो निलंबित होते, पण ते तर सोमवारीही होते. त्यांच्या गैरहजेरीत सहायक कोच शेरॉन मूरने पेन स्टेटविरुद्ध संघाला सलग 32 वेळा चेंडू धावूनच पुढे न्यायला लावलं आणि सामना जिंकला, हे याच गृहस्थांनी मला दोन आठवडे ऐकवलं होतं. बदललं होतं ते एवढंच, की खुर्ची घरची नव्हती.

सगळी पाळी अंदाज बांधत होती. मला गंमत वाटते ती ही, की हरणाऱ्या संघाचे चाहते बेधडक बोलतात आणि अपराजित संघाचे चाहते घाबरून. जेवढं गमवायचं जास्त, तेवढा आकडा सावध. सात नंबरच्या बाईंनी आकडा सांगायलाच नकार दिला. 2006 मध्येही दोघं 11-0 होते, आदल्या दिवशी जुने कोच बो शेंबेक्लर गेले आणि मिशिगन 42-39 हरलं, ते त्या विसरल्या नव्हत्या. आमची टेक्निशियन टोलेडोची, म्हणजे ओहायोची. ती 28-24 असं जाहीर करून प्रत्येक खुर्चीपाशी थांबत होती. कामात एक नंबर, पण तोंडाला लगाम नाही.

बाराला सामना सुरू झाला. मिशिगन पुढे होतं, तरी पाच नंबर पडद्याकडे न बघता मशीनवरच्या उरलेल्या वेळाकडे बघत होते. बारा पन्नासला त्यांनी हात वर केला. "काढा मला."

मी सांगितलं, नऊशे मिली पाणी अजून आत आहे. तुमचा पुढचा वार मंगळवार, म्हणजे परत मोठी खाडी. रविवारी रात्री आडवं झोपता येणार नाही, दम लागेल.

"लागणार नाही," ते म्हणाले. "मागच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात."

खरं होतं. ते याआधीही लवकर उठून गेले होते आणि काही झालं नव्हतं. त्यांचाही रेकॉर्ड अपराजितच. मिशिगनच्या 11-0 वर त्यांचा रात्रीची झोप उडण्याइतका अविश्वास, आणि स्वतःच्या हृदयाच्या रेकॉर्डवर गाढ विश्वास. सामन्याबद्दल त्यांना शंभर गोष्टी ठाऊक होत्या. शरीराबद्दल माझ्याकडे 13 मिलीचा दंडक होता आणि मी घाबरवतेय असा त्यांचा समज. शुद्धीवरच्या माणसाला बांधून ठेवता येत नाही. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी समजावलं, यांनी 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध' फॉर्मवर सही केली. रक्त परत दिलं, सुया काढल्या, रक्त थांबेपर्यंत दहा मिनिटं दाबून धरलं. ती दहा मिनिटंही त्यांना जड गेली.

मंगळवारी ते आले. आडवं झोपता आलं का, या प्रश्नाला उत्तर मिळालं, "आरामखुर्चीतच झोपलो, फार छान खुर्ची आहे." घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहत होता. आणि चेहऱ्यावर मिशिगनचा 30-24 विजय. मिशिगनच्या झॅक झिंटरचा पाय मोडला आणि पुढच्याच चालीत ब्लेक कोरमने 22 यार्ड धावून टचडाउन केला, ते ऐकवलं. 25 सेकंद उरले असताना रॉड मूरने ओहायो स्टेटने फेकलेला चेंडू पकडून सामना संपवला, ते तर दोनदा. "मी घरी पोचलो नसतो तर?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्या प्रश्नाला त्यांच्याकडे नव्हतं. मी इशारा दिला ते चूक होतं असं मला आजही वाटत नाही. पण त्यांच्या हिशेबात त्या दिवशी माझा अंदाज हरला, आणि पुढच्या वेळी मी बोलेन तेव्हा तो निकाल ते धरणारच.

मशीन लावता लावता पुढच्या सामन्याचे अंदाज सुरू झाले. इंडियानापोलिसला, आयोवाविरुद्ध. आयोवाला गुण करता येत नाहीत हे सगळ्या देशाला ठाऊक, तरी पाच नंबर आधी 20-6 म्हणाले आणि मग घाईने 17-13 वर आले.

त्या शनिवारी सामना रात्री आठला होता. सगळ्यांचे तास पूर्ण भरले, मिशिगन 26-0 जिंकलं. नंतर मॅनेजरचा निरोप आला, लवकर उठून जाणाऱ्यांची मिनिटं आपल्याकडे कमी झालीत, रुग्णांचं प्रबोधन छान चाललंय, असंच चालू ठेवा.