काम अडलं, पण ते देवानेच अडवलं का?

ठरवलेलं काम ऐनवेळी अडलं की श्रद्धाळू माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, ‘देवाच्या मनात नसेल.’ ते खरंही असेल, पण फार घाईने उच्चारलं जातं. अडथळ्यातून देव वाट दाखवतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच प्रत्येक अडचण त्याच्या नावावर टाकू नये, असं मला कळकळीने वाटतं.

गीतेच्या 18व्या अध्यायातला 14वा श्लोक इथे फार उपयोगी पडतो. कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं तिथे म्हटलंय: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवं दैव. दैव शेवटी येतं. अडथळा तपासतानाही ते शेवटीच यावं. समजा, नोकरीचा अर्ज परत आला. अधिष्ठान म्हणजे शरीर: तब्येत, झोप ठीक होती का? कर्ता: तयारी पुरेशी होती का, आणि ती जागा मनापासून हवी होती का? साधनं: कागदपत्रं बघा. एका दाखल्यावर वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, एवढ्यानेही अर्ज बाद होतो. क्रिया: मुदतीच्या शेवटच्या रात्री घाईघाईत भरला होता का? यातलं काही सापडलं तर दुरुस्त करावं आणि पुन्हा अर्ज करावा. तिथे संकेत शोधणं म्हणजे आपल्या ढिलाईला भक्तीचं नाव देणं.

चारही गोष्टी चोख असून वाट बंद झाली, की पाचव्याकडे वळावं. त्यासाठी एक वही ठेवावी. घडलं त्याच दिवशी लिहावं: नेमकं काय अडलं, मला काय हवं होतं, मनात काय उठलं, आणि आता हातात कोणतं काम उरलंय. अर्थ मात्र लिहू नये. ‘जागा रद्द झाल्याचं पत्र आलं, राग आला, संध्याकाळी भाचीचा अभ्यास घ्यायचाय,’ एवढं पुरे. अर्थ पहिल्याच दिवशी लिहिला की पुढचं सगळं आपण त्यात कोंबत जातो. ज्या अडथळ्यांतून काहीच निघालं नाही, तेही वहीत राहू द्यावेत. नाहीतर जुळलेलेच तेवढे आठवतात आणि आपल्याला सगळं कळतं असा भ्रम होतो.

मनात काय उठलं, ही नोंद सर्वांत मोलाची. इग्नेशियस लोयोला हा स्पेनमधला सैनिक, पुढे ख्रिस्ती संत झालेला. तो 1521 साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पायाला जखमी झाला आणि कित्येक महिने अंथरुणाला खिळला. पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं, की शौर्य गाजवण्याची स्वप्नं रंगवताना मजा येते, पण नंतर मन कोरडं पडतं. संतांसारखं जगण्याचा विचार केला तर समाधान मागे टिकून राहतं. त्याला दिशा मिळाली ती या फरकातून. नुसत्या जखमेने ती मिळाली नसती. पुढे त्याने नियमच घालून दिला: मन खचलेलं असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. अडथळ्यानंतर पहिल्या काही दिवसांत राजीनामा, नातं तोडणं, घर विकणं असले बेत सुचतात. ते थांबवावेत.

मग वाट किती बघायची? हेही आधीच ठरवावं. इग्नेशियस आणि त्याच्या सोबत्यांनी 1534 मध्ये पॅरिसमध्ये असताना जेरुसलेमला जाण्याचं व्रत घेतलं, पण त्यातच ठरवलं होतं की वर्षभरात जाणं जमलं नाही तर पोपकडे जायचं आणि पोप सांगतील ते काम करायचं. व्हेनिसहून जहाजासाठी त्यांनी वर्षभर वाट बघितली. तुर्कांशी युद्धाचं वातावरण होतं, जहाज मिळालं नाही. ते रोमला गेले आणि 1540 साली त्यांच्या जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाला पोपची मान्यता मिळाली. मुदत आधी ठरलेली असल्यामुळे हट्टही झाला नाही आणि पळवाटही.

आणखी दोन कसोट्या आहेत. ज्या ‘संकेता’साठी खोटं बोलावं लागतं किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्यांना वाऱ्यावर सोडावं लागतं, तो बाजूला ठेवावा. आणि ज्याला आपल्या निर्णयातून काही मिळवायचं नाही, अशा स्पष्टवक्त्या माणसाला वही वाचून दाखवावी.

हे सगळं फक्त स्वतःपुरतं. दिवाळं निघालं ते बरंच झालं, असं तुकोबांनी म्हटलं, पण स्वतःबद्दल, आणि ते सगळं भोगून झाल्यावर. दुसऱ्याचं मूल आजारी असताना ‘यात देवाची काही योजना असेल’ म्हणणं मला निर्दयपणाचं वाटतं. त्या घरी जाऊन विचारावं, आज रात्री दवाखान्यात मी थांबू का, विम्याचे कागद मी भरून देऊ का.